मुंबईच्या रस्त्यावर एका दिवसात तीस कपडे आणि चार जागा: जमेल का?

प्रश्न असा आहे. कोल्हापूरच्या दोघी बहिणी खण आणि इरकलीचे कुर्ते, जाकिटं, साड्या करून विकतात. डिसेंबरातल्या एका रविवारी मुंबईत येऊन तीस कपड्यांचं शूट उरकायचं त्यांच्या मनात आहे. जागा ठरल्यात चार: सीएसएमटी, गेटवे, मरीन ड्राइव्ह आणि वांद्र्यातल्या रंगवलेल्या भिंती. मॉडेल दोन, आणि फोटो काढणार एक मित्र, फुकट. परवानगी लागते का, आणि हे सगळं एका दिवसात होईल का, असं त्यांनी विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. होणार नाही. स्टुडिओत पांढऱ्या पडद्यापुढे दिवसाला पंचवीस-तीस कपडे निघतात, तेही ड्रेस दादा, म्हणजे कपडे सांभाळणारा-चढवणारा मदतनीस, चपळ असला तर. रस्त्यावर एका कपड्याला बदलणं, पिना, केस, जागेवर जाणं, दोन बस आणि एक चौकशी करणारे काका जाऊ देणं, असं सगळं धरून अर्धा-पाऊण तास जातो. त्यात डिसेंबरात मुंबईला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. कामाचा उजेड सकाळी साडेनऊपर्यंत आणि दुपारी साडेतीन-चारनंतर. मधल्या वेळात सावली शोधून काम करता येतं, त्याबद्दल पुढे लिहितो. पण हिशेब करून बघा: आठ लूक झाले तर दिवस उत्तम गेला म्हणायचं.

म्हणून तीसमधले आठ निवडा. बाकीचे बावीस कोल्हापुरातच, घरच्या उत्तरेकडच्या खिडकीशी, साध्या भिंतीसमोर काढा. संकेतस्थळावर गिऱ्हाईक कपडा विकत घेतं ते त्या साध्या फोटोवरून: शिवण, गळा, मागची बाजू, लांबी. रस्त्यावरचा फोटो त्याला थांबवतो, एवढंच त्याचं काम. दोन्ही कामं एकाच फोटोकडून करून घ्यायला गेलं की ना धड कॅटलॉग होतो, ना धड कॅम्पेन.

आता जागा. चारही खोडून एकच पट्टा धरा असं मी सांगणार आहे, पण का ते जागेगणिक सांगतो.

गेटवे सोडाच. ते राज्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथे सुरक्षा कडक असते आणि रविवारी तिथली गर्दी हा स्वतंत्र विषय आहे. शिवाय दोन कायदेशीर काटे आहेत, जे बहुतेकांना ठाऊक नसतात. समोरच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीची प्रतिमा २०१७ साली ट्रेडमार्क म्हणून नोंदवली गेली आहे. पर्यटकाच्या फोटोला त्याचं काही नाही, पण तुम्ही कपडे विकायला तो घुमट मागे वापरणार. दुसरं म्हणजे चौकातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला बंदी घालणाऱ्या १९५०च्या कायद्याच्या परिशिष्टात महाराजांचं नाव आणि चित्र येतं. धंद्याच्या जाहिरातीत ते चालत नाही. हे फक्त गेटवेपुरतं नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही चौकात शूट करताना फ्रेमच्या कोपऱ्यात पुतळा येतोय का, ते बघायची सवय लावून घ्या. कायदा बाजूला ठेवला तरी लोकभावनेचा प्रश्न उरतोच, आणि तो तुम्हाला इन्स्टाग्रामवर भोवेल.

सीएसएमटीच्या आत आणि फलाटांवर रेल्वेची वेगळी परवानगी लागते, ती मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागातून मिळते. बाहेरच्या रस्त्यावरून इमारत मागे घेता येते, पण तो चौक कधीच रिकामा नसतो आणि फुटपाथवर मॉडेल उभी केली की दोन मिनिटांत कोंडाळं जमतं. मरीन ड्राइव्ह संध्याकाळी सुंदर दिसतं, मान्य. पण दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि साडीच्या निऱ्या, केस, उजेड परतवायला हातात धरलेला पांढरा थर्माकोल सगळं एकदम उडायला लागतं. उडणारा पदर दोन फोटोंत छान दिसतो. आठही फोटोंत तसाच दिसला तर साडीची नक्षी कोणालाच दिसत नाही.

वांद्र्याच्या भिंतींचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या चुकीत मोठमोठे ब्रँड अडकलेत. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ इमारतीचा फोटो काढायला आणि छापायला मोकळीक देतं. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पालाही देतं. पण भिंतीवरचं चित्र हे कायद्याच्या लेखी चित्रच, आणि ती सवलत चित्राला लागू नाही. म्हणजे भिंत रस्त्यावर असली तरी चित्राचा हक्क चित्रकाराकडे. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीने ब्रुकलिनमधल्या एका भिंतीवरच्या ग्राफिटीसमोर जाहिरात केली. चित्रकाराने नोटीस पाठवली, कंपनी उलट कोर्टात गेली, कलावंतांनी बहिष्काराची हाक दिली आणि शेवटी कंपनीने दावा मागे घेतला. त्यांच्याकडे वकिलांची फौज होती, तुमच्याकडे नाही. चित्रकार शोधा, विचारा, पैसे द्या, श्रेय द्या. बहुतेक भिंतींवर खाली सही असते. एवढी खटपट करायची नसेल तर साधी पोपडे उडालेली भिंत घ्या. खणाच्या बारीक बुट्ट्यांमागे रंगीबेरंगी चित्र तसंही भांडतंच.

मग कुठे? दक्षिण मुंबईतला फोर्ट भाग. त्यातही बॅलार्ड इस्टेट आणि ओव्हलची बाजू. दोन्हींत चालत जाण्याइतकंच अंतर आहे, आणि तुमच्या कापडाला दोन्ही शोभतात.

ओव्हल मैदान उत्तर-दक्षिण पसरलंय. त्याच्या पश्चिमेला आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग आहे, तिची तोंडं पूर्वेला. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, त्यांची तोंडं पश्चिमेला. म्हणजे सकाळचं ऊन आर्ट डेकोच्या पिस्ता-मलई रंगांवर पडतं आणि संध्याकाळचं समोरच्या गॉथिक दगडावर. याच दोन समूहांना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. एकाच मैदानाच्या दोन काठांवर सकाळ आणि संध्याकाळ दोन्हींची सोय होते, असा दुसरा पट्टा मुंबईत मला माहीत नाही. तरुण, जाकिटाचे, पँटवर घातलेले कपडे सकाळी आर्ट डेकोसमोर; गडद इरकली आणि साड्या संध्याकाळी दगडासमोर. न्यायालयाच्या आवारात जायचं नाही, मैदानातही नाही, तिथे रविवारी क्रिकेट असतं. फुटपाथ आणि कुंपणाची कड पुरेशी आहे.

मधल्या दुपारी बॅलार्ड इस्टेट. पोर्ट ट्रस्टने भराव घालून वसवलेला हा भाग, जॉर्ज विटेटच्या आराखड्यानुसार एका उंचीच्या, एका वळणाच्या दगडी इमारतींचा. सगळी कार्यालयं, त्यामुळे रविवारी सामसूम. झाडं आणि उंच इमारतींमुळे भर दुपारीही रस्त्याची एक बाजू सावलीत असते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने हे आणखी सोपं. हाच बेत मे महिन्यात केला असता तर मी नको म्हटलं असतं. मेच्या मध्याला मुंबईत सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि मेकअप तासाभरात उतरतो.

फोर्टातलाच काळा घोडा हा भाग तुम्ही लिहिला नाहीत, पण तिथे गेल्यावर मोह होणार. तिथलं निळं सिनेगॉग फोटोत फार येतं. ते प्रार्थनास्थळ आहे, बाहेर पोलीस बंदोबस्त असतो, आणि जाहिरातीसाठी न विचारता त्यासमोर मॉडेल उभी करणं मला पटत नाही. तिथून पुढे लायन गेटच्या दिशेला नौदलाची गोदी लागते. त्या बाजूला लांब लेन्स रोखून उभे राहिलात तर शूट तिथेच संपलं. ड्रोनचा विचारही या भागात करू नका.

परवानगी. हो, लागते. मुंबईत सार्वजनिक जागी चित्रीकरणासाठी गोरेगावच्या चित्रनगरीतलं महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ एक खिडकी पद्धतीने ऑनलाइन अर्ज घेतं. तारीख, वेळ, जागा, माणसं, गाड्या, सामान सगळं लिहा. फोर्ट महापालिकेच्या ए वॉर्डात येतो. स्थानिक पोलीस ठाण्यात आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन कागदाची प्रत द्या आणि ड्यूटीवरच्या साहेबांना भेटा. बॅलार्ड इस्टेटमध्ये बंदर प्राधिकरणाचा (पूर्वीचा पोर्ट ट्रस्ट) संबंध येतो, म्हणून अर्ज करतानाच तेवढ्या रस्त्याचं नाव घालून विचारून घ्या. पंधरा दिवस हाताशी ठेवा.

तुम्हाला कोणीतरी सांगेलच, की हातात कॅमेरा धरून पटापट काढले तर कोणी विचारत नाही. ते अर्धं खरं आहे. दोन माणसं आणि एक कॅमेरा म्हणजे पोलिसांच्या लेखी फिरायला आलेले लोक. स्टँड उघडला, रिफ्लेक्टर निघाला, कोणी केस विंचरायला लागलं, की ते शूटिंग. आणि यातलं बहुतेक तुम्हाला लागणार आहे. बिनपरवाना कामाचा खरा तोटा दंड हा नसतोच. सगळी टीम सतत मागे वळून बघत राहते, आणि ते मॉडेलच्या चेहऱ्यावर उतरतं. कागद खिशात असला की ‘इथे कोणी परमिशन दिली?’ म्हणत येणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला शांतपणे तो दाखवता येतो. पावती फाडायला कोणी मंडळाचा कार्यकर्ता आला तर नमस्कार करायचा, कागद दाखवायचा, चहा विचारायचा आणि काम चालू ठेवायचं. वाद घालायला प्रॉडक्शनचा एक माणूस ठेवा. फोटोग्राफरने त्यात पडायचं नाही.

राहत्या वस्तीत मात्र कागदाने भागत नाही. गिरगावच्या खोताच्या वाडीत किंवा पणजीच्या फोंतायन्यासमध्ये रंगीत घरं पाहून ब्रँडवाले धावतात. फोंतायन्यासच्या रहिवाशांनी अखेर दारांवर फोटो काढू नका असे फलक लावले. कुणाच्या ओट्यावर सकाळी सातला मॉडेल बसवण्याआधी त्या घराची कडी वाजवायला हवी, एवढी साधी गोष्ट लोक विसरतात. पुढच्या वेळी गोव्याचा बेत असेल तर ध्यानात असू द्या.

माणसांबद्दलही हेच. हमाल, फुलवाली, झाडूवाली ताई फ्रेममध्ये आली की ‘अस्सल’ वाटतं, असा एक समज आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये व्होग या फॅशन मासिकाच्या भारतीय आवृत्तीने गरीब माणसांच्या हातात दोनशे डॉलरची छत्री आणि मुलाच्या गळ्यात शंभर डॉलरचं लाळेरं घालून फोटो छापले. वस्तूचं नाव आणि किंमत दिली, माणसाचं नाव नाही. जगभर टीका झाली, ती योग्यच होती. कोणाला फ्रेममध्ये घ्यायचं असेल तर विचारा, सहीचा कागद द्या, दिवसाचे पैसे द्या आणि त्याच्याच कपड्यांत, त्याच्याच कामात त्याला असू द्या. न विचारता मागून गेलेला माणूस ओळखू येत असेल तर तो फोटो जाहिरातीत वापरू नका, किंवा चेहरा पुसट करा. लहान मुलं तर नाहीच, पालकांची सही नसेल तर.

आणि ते ‘मुंबई स्ट्रीट’ म्हणजे काळी-पिवळी पद्मिनी आणि लाल डबलडेकर. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. जुनी डिझेल डबलडेकर त्याच वर्षी सप्टेंबरात. आता ती गाडी हवी तर भाड्याने आणावी लागते, आणि फोटोत ती भाड्याचीच दिसते. मी तरी नाही वापरणार. खणाच्या कापडाला जुन्या मुंबईची आठवण चिकटवायची गरज काय? ते कापड गुळेदगुडचं, शिवलेलं कोल्हापुरात, घालणारी बाई बँकेत जाते. तिला तशीच चालू द्या रस्त्याने.

चालू द्या हे शब्दशः घ्या. उभं राहून भिंतीला टेकणं कोणालाही येतं. फोटोग्राफर विल्यम क्लाइनने १९६० साली रोममध्ये व्होगसाठी पियाझ्झा दी स्पान्यात काळ्या-पांढऱ्या कपड्यांतल्या मॉडेल झेब्रा क्रॉसिंगवर सोडल्या आणि स्वतः लांब लेन्स घेऊन पायऱ्यांवर गेला. गर्दीला कॅमेरा दिसलाच नाही, मॉडेल रहदारीत मिसळल्या. ही युक्ती आजही फुकट आहे. ७०-२०० मिमीची लांब लेन्स घेऊन समोरच्या फुटपाथवर जा, मॉडेलला फोनवर सूचना द्या, सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास शटर ठेवा आणि तिला एकाच तुकड्यातून पाच-सहा वेळा चालवा. पहिल्या दोन फेऱ्यांत ती मॉडेल असते, चौथीपासून माणूस दिसायला लागते. रस्ता ओलांडताना मात्र खरा सिग्नल पाळायचा, आणि आपला एक माणूस रहदारीकडे बघत उभा हवा.

मग कापड. इथे घाई करू नका, कारण तुमचा धंदा यावर आहे. खणाची बुट्टी फार बारीक असते. दुरून काढलेल्या फोटोत ती कधी कधी लाटांसारखी जाळी धरते. शूटच्या आदल्या दिवशी प्रत्येक कपड्याचा एक फोटो त्याच कॅमेऱ्याने दोन-तीन अंतरांवरून काढून संगणकावर पूर्ण आकारात पाहा. जाळी दिसली तर एक पाऊल पुढे-मागे व्हा. जरीच्या काठाचं उलट असतं: सावलीतल्या सपाट उजेडात जरीची तार मोहरी रंगाच्या धाग्यासारखी मेलेली दिसते. तिला एका बाजूने तिरपा उजेड हवा. बॅलार्ड इस्टेटच्या सावलीत बॅटरीवरचा छोटा फ्लॅश मदतनिसाने दांडीवर धरून बाजूने मारला तरी पुरे. स्टँड फुटपाथवर मांडायची गरज नाही. सकाळच्या उन्हात चंदेरी रिफ्लेक्टर टाळा, मॉडेलचे डोळे मिटतात आणि रेशमावर पांढरे डाग उठतात. पांढरा थर्माकोल किंवा नुसती पांढरी चादर बरी. ऊन जास्तच कडक झालं तर स्किमर, म्हणजे ऊन मऊ करणारा पातळ पांढरा पडदा, लावा.

रंगाची तक्रार ही परत आलेल्या पार्सलांची मोठी जात. पिवळट दगडाजवळ उभं केलं की पांढरा कुर्ता पिवळा होतो, झाडाखाली हिरवा. प्रत्येक जागा बदलली की पहिल्या फोटोत रंग जुळवायची छापील रंगपट्टी धरा, रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या) काढा, आणि रंग पक्का करताना खरा कपडा टेबलावर ठेवूनच करा. दिवे लागल्यावर काढणार असाल तर रस्त्यावरच्या एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवलं की बहुतेक वेळा जातात.

बारीक कामं पटकन सांगतो. कपडे बदलायला व्हॅनिटी व्हॅनपेक्षा फोर्टातल्या एखाद्या साध्या हॉटेलची खोली परवडते, तिथे स्वच्छतागृह आणि स्टीमरला प्लगही मिळतो. पडदे लावलेली टेम्पो ट्रॅव्हलर दुसरी सोय. ‘गाडीच्या आड बदल’ हे मॉडेलला कधीही सांगायचं नाही. टीममध्ये किमान एक बाई अशी हवी जिचं काम फक्त मॉडेलजवळ राहणं. साड्यांना फॉल-पिको करून आणा, परकराच्या मापाने निऱ्या आधीच बसवून पाहा. जमिनीवर अंथरायला जुनी चादर हवी, म्हणजे काठ काळे होत नाहीत. चपला नव्या असतील तर तळाला टेप, आणि गुळगुळीत दगडावर कोल्हापुरी घसरते, हे तुम्हाला मी काय सांगावं! रेकी, म्हणजे जागेची पाहणी, आदल्या रविवारी, त्याच वेळेला करा. शनिवारचा फोर्ट आणि रविवारचा फोर्ट यांचा एकमेकांशी संबंध नाही.

राहता राहिला मित्र. तो पैसे घेणार नाही हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय, पण कायद्याने हीच तुमची अडचण आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन कोणाकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. मोबदलाच नसेल तर हक्क फोटोग्राफरकडे राहतो. उद्या मैत्री बिनसली, किंवा त्याने तेच फोटो दुसऱ्याला दिले, तर तुमच्या हातात काही नाही. त्याला रीतसर पैसे द्या, थोडे असले तरी बँकेतून, आणि एका पानाचा करार करा. हक्क लिहून घेताना मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. मुदत लिहिली नाही तर कलम १९ नुसार ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमच्या साड्या न्यू जर्सीत आणि दुबईत जातात असं प्रश्नात आहे, म्हणून ‘जगभर’ हा शब्द त्या पानावर दिसला पाहिजे.

मॉडेलच्या कागदावरही तेच: फोटो कुठे वापरणार, किती वर्षं, होर्डिंग लागलं तर जादा किती. सह्या रविवारी सकाळी कॉल टाइमला, म्हणजे टीम जमायच्या वेळी, पहिला कपडा अंगावर चढायच्या आधी घ्या. पॅकअपनंतर लोकलची वेळ झालेली असते आणि कोणी काही वाचत नाही.